व्हीएमला 16 कोअर दिले तरी एसक्यूएल सर्व्हर चारच वापरतो? आधी सॉकेट मोजा

तुमच्या पोस्टमधली लक्षणं फारच ओळखीची निघाली. व्हीएमवेअरवरची व्हीएम (सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी सर्व्हर), 16 व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर), 64 जीबी रॅम, विंडोज सर्व्हर 2019, त्यावर मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस, एसक्यूएल सर्व्हर 2019 स्टँडर्ड. ईआरपीवाल्यांच्या (कंपनीचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या) रिक्वायरमेंट शीटमधल्या सगळ्या ओळींवर टिक आणि इन्स्टॉलरची तपासणीही हिरवी. तरी महिनाअखेरचा रिपोर्ट लावला की सगळे ताटकळतात, आणि टास्क मॅनेजर सीपीयू जेमतेम 27 टक्के दाखवतो. त्यांच्या सपोर्टने रॅम वाढवायला सांगितलंय, ती घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

थांबा, रॅम घेऊ नका. उत्तर त्या 27 टक्क्यांतच आहे.

स्टँडर्ड एडिशनची मर्यादा 2016 ते 2022 या सगळ्या आवृत्त्यांत एकच आहे: 4 सॉकेट (प्रोसेसरची चिप बसायची जागा) किंवा 24 कोअर (चिपमधले काम करणारे भाग), यांपैकी जे आधी भरेल ते. सगळ्यांच्या लक्षात 24चा आकडा राहतो आणि 16 त्यात बसतात म्हणून विषय संपतो. सॉकेटकडे कोणी बघत नाही, कारण खऱ्या लोखंडी सर्व्हरला सहसा एक किंवा दोनच सॉकेट असतात. व्हीएममध्ये मात्र सॉकेट हा निव्वळ सेटिंगचा प्रश्न आहे. व्हीएमवेअरचं व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे व्हीस्फिअर, त्याच्या आवृत्ती 8 च्या आधी नवीन व्हीएम बनवताना ‘कोअर्स पर सॉकेट’ला हात लावला नाही, तर तो 1 राहायचा. म्हणजे 16 व्हीसीपीयू याचा अर्थ विंडोजच्या नजरेत 16 सॉकेट, प्रत्येकी एक कोअर. एसक्यूएल सर्व्हर त्यातले पहिले 4 सॉकेट, म्हणजे 4 कोअर घेतो आणि उरलेल्या 12 ना हात लावत नाही. 16 पैकी 4 पूर्ण घासले की एकूण सीपीयू 25 टक्के. वरचे दोन टक्के विंडोज आणि अँटिव्हायरसचे.

खात्री करून घ्या. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली सीपीयू उघडा, ‘सॉकेट्स’समोरचा आकडा वाचा. आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगळे दाखवायला सांगा. चार चौकोन छताला टेकलेले आणि बारा जवळपास सपाट दिसतील. मग एसक्यूएलच्या एरर लॉगमध्ये सर्व्हिस सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही ओळींत ‘सॉकेट्स’ शब्द शोधा. तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं की 16 सॉकेट सापडले, प्रत्येकात 1 कोअर, एकूण 16 लॉजिकल प्रोसेसर, लायसन्सनुसार 4 वापरत आहे. आणि पुढे कहर म्हणजे: ही फक्त माहिती आहे, वापरकर्त्याने काही करण्याची गरज नाही! याच वाक्यामुळे ती ओळ वाचूनही लोक पुढे जातात. लॉग मध्येच बदलला गेला असेल तर जुन्या फाइलमध्ये बघा, ही ओळ फक्त सर्व्हिस सुरू होताना उमटते. तिसरी खूण ‘डीएम_ओएस_शेड्यूलर्स’ या व्ह्यूमध्ये: बारा ओळींचं स्टेटस ‘व्हिजिबल ऑफलाइन’ असेल, आणि ऑनलाइन असलेल्या चारांसमोर ‘रनेबल टास्क काउंट’ (सीपीयूची वाट बघत थांबलेली कामं) गर्दीच्या वेळी सतत शून्याच्या वर राहील. (नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.)

आता सपोर्टबद्दल. ईआरपी कंपनीचं नाव तुम्ही घेतलं नाही, मीही घेत नाही, पण त्यांच्या हेल्पडेस्कची पद्धत ठरलेली असते. शीटवर ‘16 कोअर’ लिहिलंय, स्क्रीनशॉटमध्ये 16 दिसतात, म्हणजे रिक्वायरमेंट पूर्ण. सीपीयू 27 टक्के, म्हणजे सीपीयू मोकळा. मग उरलं काय? रॅम वाढवा, डिस्क एसएसडी करा, इंडेक्स रिबिल्ड करा, तिकीट बंद. कोअर कसे मांडलेत हे विचारणारा रकानाच त्यांच्या शीटवर नसतो. माझं मत कडवट वाटेल, पण व्हेंडरची शीट बहुतेकदा त्यांची जबाबदारी झटकण्यासाठी बनते, तुमचा सर्व्हर चालावा म्हणून नाही. मायक्रोसॉफ्टच्या सेटअपवरही विसंबू नका. तो किमान अटी बघतो, आणि 2019 साठी त्या म्हणजे 1.4 गिगाहर्ट्झचा 64 बिट प्रोसेसर, 1 जीबी रॅम, 6 जीबी डिस्क. यात कुठलाही टाकाऊ डेस्कटॉपसुद्धा पास होतो.

खरा फटका पैशांचा आहे. कोअरनुसार लायसन्स घेतलं असेल तर व्हीएमला दिलेल्या प्रत्येक व्हीसीपीयूचे पैसे मोजलेत. किमान चार, पुढे दोन-दोनच्या पॅकमध्ये. म्हणजे सोळांचे भरले आणि चार चालले. सर्व्हर आणि कॅल (प्रत्येक वापरकर्त्याचा किंवा मशीनचा वेगळा परवाना) पद्धतीने घेतलं असेल तर इतकं लागत नाही, पण सॉकेटची मर्यादा तिथेही तीच.

दुरुस्ती किरकोळ आहे, डाउनटाइम मात्र लागतो. बॅकअप घ्या, एसक्यूएलची सर्व्हिस नीट थांबवा, व्हीएम पूर्ण शटडाउन करा. आतून रीस्टार्ट करून चालत नाही, पॉवर ऑफ असल्याशिवाय हा रकाना बदलता येत नाही. एडिट सेटिंग्जमध्ये सीपीयू उघडून ‘कोअर्स पर सॉकेट’ 16 करा, खाली सॉकेट 1 दिसायला हवा. होस्टच्या (ज्या खऱ्या मशीनवर व्हीएम चालते त्याच्या) एका फिजिकल प्रोसेसरमध्ये 16 कोअर नसतील, समजा दोन प्रोसेसर आणि प्रत्येकी 12 कोअर आहेत, तर 2 सॉकेट आणि प्रत्येकी 8 ठेवा. रॅमचंही तसंच: व्हीएमची रॅम एका न्यूमा नोडच्या (एक प्रोसेसर आणि त्याच्या जवळची रॅम असा गट) रॅमपेक्षा जास्त असेल तर दोनात विभागा. 3 सॉकेटसारखी विषम विभागणी टाळा. त्याच पानावर ‘सीपीयू हॉट अ‍ॅड’वर टिक असेल तर काढा. तो चालू असला की व्हीएमला न्यूमाची रचना दिसत नाही, आणि डेटाबेस सर्व्हरला चालू गाडीत सीपीयू जोडायची वेळ सहसा येत नाही. व्हीएम सुरू झाल्यावर लॉगमधली तीच ओळ पुन्हा वाचा: 16 वापरत आहे, असं हवं.

इथे दोन गोष्टी राहून जातात. एक, मॅक्सडॉप, म्हणजे एका क्वेरीने एकाच वेळी जास्तीत जास्त किती प्रोसेसर वापरायचे ती सेटिंग. 2019 चा सेटअप तो इन्स्टॉलच्या वेळीच ठरवून टाकतो. मांडणी बदलल्यावर आपोआप सुधारत नाही. एकच न्यूमा नोड आणि 8 पेक्षा जास्त प्रोसेसर असतील तर 8 ठेवा. टेम्पडीबीच्या (एसक्यूएलच्या तात्पुरत्या कामाच्या डेटाबेसच्या) फाइलीही मोजा, आठ पुरेत. दुसरी, सीपीयू रेडी, म्हणजे व्हीएम होस्टच्या प्रोसेसरची वाट बघण्यात घालवते तो वेळ. आजवर बारा व्हीसीपीयू झोपलेले होते, ते आता खरंच होस्टकडे वेळ मागतील. होस्टवर आधीच भरमसाट व्हीएम असतील तर रेडी टाइम वाढून शेजारचे सर्व्हर रडायला लागतील. व्हर्च्युअलायझेशन टीमला आधी सांगून ठेवा. मला विचाराल तर व्हीसीपीयू आठवर आणून एक महिनाअखेर काढा, बऱ्याच ठिकाणी आठ पुरतात आणि पुढच्या लायसन्स नूतनीकरणात फरक दिसतो. अर्थात तुमचा लोड मी बघितलेला नाही.

सूचना: काही अ‍ॅप्लिकेशन्सचं लायसन्स हार्डवेअर आयडीला बांधलेलं असतं आणि सॉकेट बदलले की ते नव्याने अ‍ॅक्टिव्हेशन मागतं. शनिवारी रात्री हे कळू नये म्हणून व्हेंडरकडून आधी लेखी विचारून घ्या. अव्हेलेबिलिटी ग्रुप (डेटाबेसची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवायची सोय) असेल तर आधी सेकंडरी म्हणजे प्रत असलेला सर्व्हर बदला, मग फेलओव्हर करून काम त्याच्याकडे वळवा.

व्हीएमवेअर नसलेल्यांसाठी: न्यूटानिक्सच्या एएचव्हीमध्ये ‘व्हीसीपीयू’ म्हणजेच सॉकेट, आणि ‘कोअर्स पर व्हीसीपीयू’ वेगळा रकाना, तो 1 वर सोडला की हेच होतं. प्रॉक्समॉक्समध्ये सॉकेट आणि कोअर वेगवेगळे विचारतात, तिथे कोअर वाढवा. विंडोज 10 किंवा 11 प्रोवर टेस्ट सर्व्हर चालवणाऱ्यांना तर ही अडचण विंडोजच्याच पातळीवर येते, कारण प्रो दोनच सॉकेट मानतो. एसक्यूएल सर्व्हर 2025 मध्ये स्टँडर्डची मर्यादा 32 कोअरवर गेली आहे, पण सॉकेट अजून चारच.

नवीन सर्व्हर उभा करणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी इन्स्टॉलच्या आधीच बघाव्यात, त्याही शीटवर नसतात.

नव्या एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्कचा सेक्टर साइज, म्हणजे डिस्क एका वेळी वाचते-लिहिते तो सगळ्यात छोटा तुकडा. एसक्यूएल सर्व्हर 512 बाइट आणि 4 केबी एवढेच मानतो. काही डिस्क 8 किंवा 16 केबी सांगतात, आणि विंडोज 11 किंवा सर्व्हर 2022 तो आकडा तसाच पुढे देतं. मग इन्स्टॉल शेवटच्या टप्प्यात ‘रिकव्हरी हँडल’च्या एररवर पडतं आणि लोक तीनदा अनइन्स्टॉल करत बसतात. ‘एफएसयुटिल एफएसइन्फो सेक्टरइन्फो’ चालवून ‘फिजिकल बाइट्स पर सेक्टर’च्या ओळी वाचा, 4096 पेक्षा मोठा आकडा दिसला तर आधी तो प्रश्न सोडवा.

आणि कोलेशन, म्हणजे मजकुराची तुलना आणि क्रम कसा लावायचा याचे नियम. आपल्याकडे विंडोजचं सिस्टिम लोकेल बरेचदा इंग्लिश इंडिया असतं, तेव्हा सेटअप ‘लॅटिन1_जनरल_सीआय_एएस’ सुचवतो. अमेरिकन लोकेलवर नावाच्या सुरुवातीला ‘एसक्यूएल_’ लागलेलं वेगळं कोलेशन येतं. ईआरपीचा डेटाबेस बहुधा दुसऱ्यावर बनलेला असतो. रिस्टोअर बिनबोभाट होतं, आणि पहिल्याच टेम्प टेबलच्या जॉइनवर ‘कोलेशन कॉन्फ्लिक्ट’ येतो. सर्व्हरचं कोलेशन नंतर बदलायचं म्हणजे सिस्टिम डेटाबेस पुन्हा बांधायचे, लॉगिन आणि जॉब नव्याने आणायचे. त्यामुळे ‘नेक्स्ट’ दाबण्याआधी व्हेंडरकडून कोलेशनचं नाव अक्षर न् अक्षर मागून घ्या. मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन सेव्ह होतात म्हणून सर्व्हरचं कोलेशनच ‘इंडिक’ करायला जाऊ नका, ते सर्व्हर पातळीवर मिळतच नाही. त्यासाठी कॉलम एनव्हारकॅर (युनिकोड मजकुराचा प्रकार) हवा आणि क्वेरीत मजकुराआधी मोठा एन.

एरर लॉगमधली ती ओळ आणि होस्टच्या प्रोसेसरचं मॉडेल इथे टाका, म्हणजे 1×16 की 2×8 हे नक्की सांगता येईल.