भट्टी हलली, शिसं मातीतच आहे

प्रश्न : आमच्या कुंपणाला लागून एका शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत होते. दोनेक वर्षं हे चाललं. आमच्या चार वर्षांच्या मुलीच्या रक्तात दर डेसिलिटरमागे १४ मायक्रोग्रॅम शिसं निघालं. आम्ही ओरड केल्यावर भट्टी रातोरात हलवली. आता मालक उपचारांचा खर्च द्यायला तयार आहे, पण 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून मागतो. भट्टीच नाही, तर केस उभी राहील का?

उत्तर : राहील. त्या कागदावर सही मात्र करू नका.

शिसं कुजत नाही, नष्ट होत नाही. वर्षानुवर्षं ते मातीच्या वरच्या थरात राहतं, आणि मुलं नेमकी तिथेच खेळतात. रक्तात ५ मायक्रोग्रॅम आढळलं तरी स्रोत शोधून तो बंद करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्याकडचा स्रोत अजून अंगणातच आहे. औषधपाण्याच्या पैशांवर सही दिलीत, तर माती साफ करून मागताना तोच कागद तुमच्यापुढे धरला जाईल.

राष्ट्रीय हरित लवाद कायदा, २०१० च्या कलम १५ खाली नुकसानभरपाई आणि जागा पूर्ववत करून देणं, दोन्ही मागा. मुदत ५ वर्षांची आहे, पण ती कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून मोजतात. समोरचा वकील भट्टी पेटली त्या दिवसापासून मोजेल. पर्यावरणाच्या वादांसाठीच्या कलम १४ ला तर ६ महिनेच मिळतात. महाराष्ट्रासाठी या लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे. राजस्थानातल्या बिछडी गावच्या प्रदूषणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, कारखाने बंद पडलेले असतानाही, साफसफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यांवरच टाकला होता.

खरी कसोटी पुराव्याची. तुम्ही स्वतः माती तपासून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ च्या कलम ११ प्रमाणे नमुने घ्यायची मागणी करा. या पद्धतीत जागेच्या ताबेदाराला आधी नोटीस जाते, नमुना सीलबंद होतो. ताबेदार मुद्दाम गैरहजर राहिला तरी अधिकारी स्वतःच्या सहीने सील करू शकतो. ही पायरी चुकली तर मंडळाचा अहवाल पुराव्यात घेतला जात नाही. म्हणून नमुने घेताना स्वतः हजर राहा.

तोवर माती उकरून टाकू नका. ताडपत्रीने झाका, मुलीला तिकडे फिरकू देऊ नका, घरात झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. घरात दुसरं मूल किंवा कुणी गरोदर असेल, तर त्यांचंही रक्त तपासा; तेही अहवाल अर्जाला जोडता येतील.

शेडची जागा भाड्याची असेल, तर जमीनमालकालाही प्रतिवादी करा. भट्टीवाला उद्या सापडला नाही, तरी जमीन कुठे जाणार नाही.