माणसांची भीती वाटते, फॅमिली डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू ठेवू का?

प्रश्न : डॉक्टरताई, मी २६ वर्षांची, सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी पतसंस्थेत कामाला आहे. काउंटरवर कोणी बघत उभं राहिलं की सही करताना हात थरथरतो, मीटिंगमध्ये नाव घेतलं तरी धडधडतं, लग्नकार्याला जायचं तर मी कधीच सोडलंय, आणि आता घरात बघायच्या कार्यक्रमाचं चाललंय म्हणून रात्ररात्र झोप नाही. फॅमिली डॉक्टरांनी एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी दिली. आठवडा झाला, मळमळतंय, दिवसभर पेंग येते, फरक काहीच नाही. आई म्हणते सवय लागेल, बंद कर. इथे काउन्सेलरही कोणी नाही. काय करू?

उत्तर : गोळी मनाने बंद करू नकोस. आईची काळजी खोटी नाही, पण ती अर्ध्याच गोळीला लागू आहे. एसिटालोप्राम हे तुझ्या त्रासावरचं मुख्य औषध, त्याची चटक लागत नाही, पण ते सावकाश काम करतं, फरक कळायला ४ ते ६ आठवडे लागतात, कधी १२ सुद्धा, आणि मळमळ बहुतेकांची पहिल्या एक-दोन आठवड्यांत ओसरते. पेंग येते ती बहुधा क्लोनाझेपाममुळे आणि सवय लागते ती पण त्याचीच. सुरुवातीला थोडे दिवस ते चालतं, पण हीच एकत्र गोळी महिनोन्महिने मेडिकलमधून आणून घेत राहणारे पेशंट बघितले की मला खरंच वाईट वाटतं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचार, दोन्ही औषधं वेगळी देता येतील का, एसिटालोप्राम ५ मिलिग्रॅमपासून १० वर नेता येईल का, आणि क्लोनाझेपाम हळूहळू कधी बंद करायचं. थरथर आणि धडधड आहे म्हणून थायरॉइडही एकदा तपासून घे. सुरुवातीला जीव जास्तच अस्वस्थ झाला किंवा जीव द्यायचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ. बरं वाटल्यावरही औषध निदान ६ महिने ते वर्षभर घ्यायचं, मग टप्प्याटप्प्याने कमी करायचं.

आता थेरपी. ती पाहिजेच, कारण गोळी भीती कमी करते पण टाळायची सवय तशीच राहते. सीबीटी नावाच्या, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायच्या थेरपीत नेमकं त्यावरच काम होतं. तू पेन घट्ट धरत असशील, मान खाली घालत असशील, बोलण्याआधी वाक्य मनात घोकत असशील, आणि सगळं लक्ष स्वतःच्या हाताकडे. एक दिवस पेन सैल धरून समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत सही कर आणि तो खरंच हाताकडे बघतो का ते बघ, बहुतेक लोक आपल्या पैशांच्या विचारात असतात गं. असं सोप्याकडून अवघडाकडे, रोज थोडं. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचार, व्हिडिओ कॉलवरही सीबीटी होते, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं.

बघायचा कार्यक्रम मात्र दोनेक महिने पुढे ढकलायला सांग, आईला हे पान वाचायला दे हवं तर. लग्न ठरलं आणि मुलाचा विचार सुरू झाला की औषधाचं डॉक्टरांशी आधी बोल. आणि कार्यक्रमाच्या सकाळी क्लोनाझेपामची जादा गोळी घ्यायची नाही.