वाचकांचे प्रश्न : पोर्सेलिनचा कप लंबगोल का होतो?

प्रश्न (सांगली) : व्हिडिओ पाहून पाहून चाकावर हात बसला. स्टोनवेअरचे (भरड मातीचे) कप नीट होतात. पोर्सेलिनचे (बारीक, पांढऱ्या चिनी मातीचे) कप मात्र कच्चे असताना गोल आणि 1280 अंशांच्या भट्टीतून काढले की लंबगोल, कानाच्या बाजूने ओढल्यासारखे. माती खराब आहे की भट्टी?

उत्तर : बहुधा दोन्ही ठीक आहेत. पोर्सेलिनमध्ये ढोबळ मानाने निम्मे केओलिन (पांढरी माती) आणि पाव-पाव फेल्डस्पार व क्वार्ट्झ ही खनिजे असतात. वरच्या तापमानाला फेल्डस्पार वितळून त्याची काच होते आणि कपाची भिंत काही काळ खरोखरच मऊ पडते. आधी बसलेला प्रत्येक ताण त्या वेळी बाहेर येतो. स्टोनवेअरमधली भरड माती आकार धरून ठेवते, म्हणून तिथे हे खपून जाते.

पहिला ताण कप चाकावरून उचलताना बसतो. ओला कप हाताने उचलला की तोंड दबते. आपण ते बोटांनी पुन्हा गोल करतो, ते गोल दिसतेही. पण केओलिनचे कण चपटे असतात. दाबाखाली ते एका दिशेला वळलेले असतात आणि भाजताना तोंड पुन्हा तिकडेच जाते. म्हणून कप बॅटवरच (चाकावर बसवायच्या सुट्या तबकडीवर) करा आणि बॅटसकट उचला. तळाखालून तार फिरवा, पण कप जागचा हलवू नका. कड बोटाला चिकटेनाशी झाली की मगच सोडवा.

दुसरा ताण कानाचा. ओला कान सुकत आलेल्या कपाला लावला तर कान जास्त आकसतो आणि भिंत स्वतःकडे खेचतो, नाहीतर सांध्यावर तडकतो. दोन्हींत ओलावा सारखा हवा: नखाची खूण उमटते, पण दाबले तर वाकत नाही, अशा वेळी. दोन्हीकडे खरडा, त्याच मातीची स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) लावून जोडा आणि प्लॅस्टिकखाली निदान एक रात्र ठेवा. मग प्लॅस्टिक थोडे थोडे सैल करत जा. कान बारीक ओढा. स्टोनवेअरच्या सवयीचा जाड कान या भिंतीला पेलत नाही.

भट्टीकडे शेवटी पाहा. कंट्रोलरवरच्या आकड्यावर विसंबू नका, शेल्फवर कोन (ठराविक उष्णतेला वाकणारा मातीचा छोटा सुळका) ठेवा. 10 नंबरचा कोन तापमान चढवण्याच्या वेगाप्रमाणे साधारण 1285 ते 1305 अंशांच्या दरम्यान वाकतो. म्हणजे 1280 वर तासभर रेंगाळलेली भट्टी तुम्हाला वाटते त्याहून बरीच जास्त भाजते. शेल्फ वाकलेला असेल तर कपाचा तळही तसाच वाकतो.

प्रश्न (रत्नागिरी) : वाडग्यांच्या तळाला इंग्रजी एस अक्षरासारखी चीर पडते.

उत्तर : तळ नीट दाबला गेलेला नाही. चाकावरचा गोळा मधोमध उघडल्यावर रिबने (दाबायच्या चपट्या पट्टीने) कडेपासून मध्यापर्यंत आणि पुन्हा उलट, दोन-तीनदा दाबा. तळाशी साचलेले पाणी स्पंजने टिपा. तळ भिंतीपेक्षा फार जाड राहिला तर भिंत आधी सुकते, तळ मागे राहतो आणि मधोमध फाटतो. कड घट्ट झाली की वाडगा पालथा घाला.

प्रश्न (नाशिक) : पोर्सेलिनमधून उजेड आरपार दिसायला हवा ना? माझ्या दिव्यांतून दिसत नाही, शिवाय तपकिरी ठिपके येतात.

उत्तर : दोन अटी आहेत: भिंत दोन मिलिमीटरच्या आसपास आणि माती पूर्ण पिकलेली. कमी भाजलेली माती पातळ असली तरी खडूसारखी अपारदर्शक राहते. चाकावर थोडी जाड भिंत घ्या आणि घट्ट झाल्यावर आतून-बाहेरून तासा. सुरुवातीपासूनच पातळ ओढायला गेलात तर ती खचते.

ठिपके लोखंडाचे असतात. गंजलेली तार, स्टोनवेअरचा स्पंज, त्याच पाण्याची बादली, यातला एवढासा कणसुद्धा पांढऱ्या अंगावर उठून दिसतो. पोर्सेलिनसाठी बादली, स्पंज, मळण्याची फळी सगळे वेगळे ठेवा. उरलेली माती पातळ करून 80 मेशच्या चाळणीतून गाळा. प्लास्टरवर सुकवताना खरडू नका. प्लास्टरचा तुकडा मातीत राहिला तर भाजल्यानंतर पाणी शोषून फुगतो आणि तिथला टवका उडतो.

प्रश्न (पणजी) : कप भाजून 9 सेंटिमीटर व्यासाचा हवा, तर ओला केवढा करू?

उत्तर : आधी आपल्या मातीची आकस काढा. मळलेल्या मातीच्या पट्टीवर 10 सेंटिमीटरची रेघ ओढा, पट्टी शेवटच्या तापमानापर्यंत भाजा आणि रेघ मोजा. ती 8.6 भरली तर आकस 14 टक्के. मग 9 ला 0.86 ने भागा: सुमारे 10.5 सेंटिमीटर. झाकण आणि भांडे एकाच गोळ्यातून, एकाच दिवशी करा आणि बिस्कपर्यंत (ग्लेझ म्हणजे काचेचा लेप देण्याआधीच्या पहिल्या भाजणीपर्यंत) एकमेकांवरच ठेवून भाजा. ग्लेझ भाजताना मात्र बैठकीची जागा ग्लेझविना ठेवा आणि मध्ये अॅल्युमिनाचा (भट्टीत न वितळणाऱ्या पांढऱ्या पुडीचा) पातळ लेप द्या, नाहीतर दोन्ही चिकटतील.