सोर्स फक्त गॅमाचा, मग हे न्यूट्रॉन आले कुठून?

प्रश्न: मी एमएस्सी फिजिक्सला आहे, प्रोजेक्टला लिक्विड सिंटिलेटर (रेडिएशन पडलं की चमकणारा द्रव) वापरून न्यूट्रॉन आणि गॅमा वेगळे करायचेत. सिझियम-१३७ ठेवला, त्यातून न्यूट्रॉन निघतच नाहीत, तरी पल्सची शेपटी भागिले एकूण पल्स असा जो प्लॉट काढतो त्यावर न्यूट्रॉनच्या पट्ट्यात भरपूर काउंट येतात. गाइड म्हणतात कट (दोन पट्टे वेगळे करणारी रेषा) वर सरकव. पण मग खरे न्यूट्रॉनपण जातील ना? आणि न्यूट्रॉनच्या पल्सची शेपटी (उजेड हळूहळू विझतो तो भाग) लांब का असते?

उत्तर: आधी शेपटीचं बघू. न्यूट्रॉनला चार्ज नाही, गॅमालाही नाही, त्यामुळे सिंटिलेटरला खरं तर दोघंही दिसत नाहीत. गॅमा इलेक्ट्रॉनला धडकतो, न्यूट्रॉन हायड्रोजनच्या न्यूक्लियसला म्हणजे प्रोटॉनला धडकतो, आणि आपण बघतो तो उजेड या इलेक्ट्रॉनचा किंवा प्रोटॉनचा. १ एमईव्हीचा (दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट एनर्जीचा) इलेक्ट्रॉन आपली एनर्जी चारेक मिलिमीटरभर सांडत जातो, तेवढ्याच एनर्जीचा प्रोटॉन मात्र २०-२५ मायक्रॉनमध्ये सगळी ओतून मोकळा. म्हणजे प्रोटॉनच्या वाटेवर एक्साइट झालेल्या रेणूंची ही गर्दी! या रेणूंच्या दोन अवस्था असतात, सिंगलेट आणि ट्रिपलेट. सिंगलेट अवस्थेतले रेणू काही नॅनोसेकंदात उजेड देतात, ट्रिपलेटवाल्यांना तसं थेट जमत नाही, दोन ट्रिपलेट एकमेकांना भेटले की त्यातला एक सिंगलेट होतो आणि मग उजेड पडतो, पण उशिरा, दहा ते शेकडो नॅनोसेकंदांनी. गर्दीत झटपट येणारा उजेड बराचसा मारला जातो आणि उशिराच्या उजेडाचा वाटा वाढतो, तीच तुमची शेपटी. याच गर्दीमुळे १ एमईव्हीचा प्रोटॉन जेमतेम ०.१५-०.२ एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनइतकाच उजेड देतो, हे थ्रेशोल्ड (त्याखालच्या पल्स मोजायच्याच नाहीत अशी मर्यादा) ठरवताना लोक हमखास विसरतात.

आता खोटे न्यूट्रॉन. माझा पहिला संशय थ्रेशोल्डवर. छोट्या पल्समध्ये मुळातच फोटोइलेक्ट्रॉन (उजेडामुळे डिटेक्टरमध्ये सुटलेले इलेक्ट्रॉन) कमी, शेपटीत तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, मग दोन-चार इकडेतिकडे झाले की शेपटी भागिले एकूण हा रेशो कुठेही उडतो आणि खाली दोन्ही पट्टे एकमेकांत मिसळतात. दुसरा संशय पाइल-अपचा, एका गॅमाच्या शेपटीवर दुसरा गॅमा येऊन बसला की पल्स नोंदवणाऱ्या डिजिटायझरला वाटतं काय मस्त न्यूट्रॉन आला.

यातलं कुठलं ते ओळखायला सोर्स लांब न्या. एकूण काउंटमधला खोट्यांचा टक्का घसरला तर पाइल-अप, कारण तो रेटबरोबर वाढतो. टक्का तसाच राहिला तर थ्रेशोल्डवाला घोळ. अजून एक, सिझियमच्या ६६२ केईव्ही (०.६६२ एमईव्ही) गॅमाची कॉम्प्टन एज, म्हणजे एका धडकेत इलेक्ट्रॉनला मिळू शकणारी कमाल एनर्जी, ४७७ केईव्हीला असते, त्याच्या बरंच वर सोर्सचे म्हणून जे काउंट दिसतात ते बहुतेक पाइल-अपच.

तर गाइडचं चुकत नाहीये, फक्त अख्खा कट वर सरकवू नका. वर मोठ्या पल्सना पट्टे छान सुटे असतात, तिथे कशाला न्यूट्रॉन घालवायचे? एनर्जीनुसार वाकणारा कट घ्या, खाली कडक आणि वर सैल, आणि पाइल-अप असेल तर दुसरं शिखर असलेल्या पल्स आधीच फेकून द्या. आणि हो, रिपोर्टमध्ये नुसतं फिगर ऑफ मेरिट (पट्टे किती सुटे आहेत ते सांगणारा आकडा) १.३ आला असं लिहू नका, कुठल्या एनर्जी रेंजमध्ये ते सांगा, नाहीतर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

प्रश्न: साध्या प्लास्टिक सिंटिलेटरवर हे जमेल का?

उत्तर: साध्यावर नाही. त्यात फ्लोरचं (उजेड देण्यासाठी मिसळलेल्या पदार्थाचं) प्रमाण एखाद-दोन टक्के, ट्रिपलेट एकमेकांना गाठूच शकत नाहीत. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या लिव्हरमोर लॅबच्या लोकांनी पीपीओ नावाचा फ्लोर ३० टक्क्यांच्या आसपास घालून दाखवला तेव्हा प्लास्टिकमध्येही पट्टे नीट सुटले, तसं प्लास्टिक आता विकत मिळतं.