एफडी मोडून फोटो विकायला निघावं का?

परभणी जिल्ह्यातल्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावी त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. वर्षाला साधारण 22 लग्नं मिळतात आणि मदतनीस, अल्बम, प्रवास वजा जाता एका लग्नामागे 18 हजार रुपये हातात राहतात. शिवाय चार एकर कोरडवाहू जमीन. बँकेत अडीच लाखांची दोन वर्षांची एफडी आहे, व्याज 7 टक्के, दहा महिने झालेत. ती मोडून 1 लाख 70 हजारांचा फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, 48 हजारांचा लॅपटॉप आणि फोटो ऑनलाइन ठेवून विकायची सोय देणाऱ्या परदेशी फोटो-होस्टिंग सेवेचा वर्षाचा व्यावसायिक प्लॅन (कर आणि कार्डाचं शुल्क धरून 32 हजार) घ्यायचा त्यांचा विचार आहे. लग्नं बारावर आणायची आणि अजिंठा-वेरूळपासून शेतशिवारापर्यंतचे फोटो जगभर विकायचे. "घरात आई, पत्नी आणि चार वर्षांची मुलगी आहे. करू का?"

एफडी मोडू नका आणि लग्नंही कमी करू नका. फोटो मात्र विकायला लागा, पण आधी हा सगळा हिशेब उलटा मांडून बघा.

तुम्ही खर्च अडीच लाख धरलाय. सोडलेल्या दहा लग्नांचे 1 लाख 80 हजार त्यात कुठेच नाहीत. कॅमेरा आणि लॅपटॉप बाजूला ठेवले तरी, प्लॅनचे 32 हजार आणि ही बुडालेली कमाई मिळून 2 लाख 12 हजार रुपये दरवर्षी ऑनलाइन विक्रीतून यायला हवेत, तेव्हा तुम्ही आज आहात तिथेच राहाल. आता विक्रीची बाजू पाहू. स्मगमगसारख्या फोटो-होस्टिंग सेवेत छपाईच्या मूळ किमतीवर तुम्ही जो नफा लावता त्यातला 85 टक्के तुमचा, 15 टक्के त्यांचा. फोटोमागे 300 रुपये नफा लावला तर 255 उरतात, आणि पैसे इकडे येईपर्यंतची कटौती धरली तर 240 च्या आसपास. म्हणजे वर्षाला जवळपास 880 विक्र्या, रोज दोनाहून जास्त. या सेवा दुकान उभारून देतात, गिऱ्हाईक आणून देत नाहीत. ते तुम्हालाच आणावं लागतं.

गिऱ्हाईक आयतं आणून देणारा प्रकार म्हणजे स्टॉक एजन्सी, म्हणजे अनेकांचे तयार फोटो साठवून ते वापरायचा हक्क विकणारी कंपनी. शटरस्टॉकवर दर जानेवारीत सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. तिथे वाटा 15 टक्के, आणि वर्षभरात डाउनलोड वाढतील तसा तो 40 पर्यंत चढतो. सबस्क्रिप्शनवाल्या गिऱ्हाइकाने फोटो उचलला तर किमान 10 सेंट, म्हणजे दहा रुपयेही नाहीत. ॲडोबी स्टॉक फोटोला 33 टक्के देतं, पण खात्यात 25 डॉलर साठल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. डाउनलोडमागे 30-35 सेंट धरले तर पहिला पैसा हाती यायला 70-80 विक्र्या लागतात. हे वाईट नाही, कारण इथे तुमचा खर्च शून्य आहे. पण त्यावर घर चालत नाही.

एफडी मोडण्याचा दंड हे माझ्या विरोधाचं कारण नव्हे. दहा महिन्यांना लागू असलेला दर 6 टक्के आणि दंड 1 टक्का धरला, तर साधारण चार हजार रुपये जातील, एवढंच. खरं कारण वेगळं आहे. लग्नसराई संपली की आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत तुमच्याकडे ऑर्डर नसते, आणि त्याच महिन्यांत पेरणी, खत, फवारणीचा खर्च असतो. त्यात पाऊस हुकला तर सोयाबीन-कापूस जातो आणि पुढच्या हंगामातली गावाकडची लग्नं एक तर पुढे ढकलली जातात किंवा स्वस्तात उरकली जातात. म्हणजे तुमची शेती आणि स्टुडिओ ही दोन उत्पन्नं दिसायला दोन असली तरी एकाच पावसावर उभी आहेत, आणि मराठवाड्यात हा धोका दर काही वर्षांनी समोर येतोच. ही एफडी म्हणजे त्या वर्षाचं राशन आणि मुलीच्या शाळेची फी आहे. मधेच 30-40 हजारांची नड लागली तर एफडीवर कर्ज घ्या. बँका साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लावतात. 40 हजारांना 8 टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज 1,600 रुपये होतं, आणि ठेव जागेवर राहते.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर तुमचा आत्ताचा 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरेसा आहे. 6000 बाय 4000 पिक्सेलच्या फाइलमधून 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 20 बाय 13 इंचाचा प्रिंट निघतो, आणि शटरस्टॉक आणि ॲडोबी दोघांचीही अट फक्त 4 मेगापिक्सेलची आहे. फोटो परत येतात ते हललेल्या फोकसमुळे, अंधारात वाढवलेल्या आयएसओच्या (सेन्सरच्या प्रकाशसंवेदनशीलतेच्या) दाण्यांमुळे आणि फ्रेममध्ये शिरलेल्या कंपनीच्या नावांमुळे. आपल्याकडे हे शेवटचं फार होतं. कापूस वेचणीचा सुंदर फोटो असतो आणि मागे बियाण्याच्या कंपनीचं नाव छापलेली पिशवी. चौकाचा फोटो असतो आणि वर पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांचा फ्लेक्स. फोटो काढतानाच दोन पावलं सरकून हे टाळा, नंतर पुसत बसायला वेळ जातो.

चेहरा ओळखू येत असेल तर जाहिरातीसाठी विकायला त्या व्यक्तीची सही असलेला मॉडेल रिलीज लागतो. मूल असेल तर आई-वडिलांची सही. रिलीज नसेल तर फोटो फक्त एडिटोरियल, म्हणजे बातमी-लेखापुरता विकता येतो. पैठणच्या नाथषष्ठीची गर्दी त्यात चालते. वेचणीच्या फोटोत नुसती बोटं आणि बोंड असेल, माणूस ओळखू येत नसेल, तर रिलीजचा प्रश्न येत नाही.

अजिंठा-वेरूळवर भिस्त ठेवू नका. दोन्ही 1983 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, तिथले फोटो ढिगाने पडलेत. शिवाय अजिंठ्याच्या चित्रांपाशी फ्लॅश चालत नाही आणि ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. तुमच्या बांधावर जे आहे ते बाहेरच्या फोटोग्राफरला सहज मिळत नाही: गुलाबी बोंडअळीने पोखरलेलं बोंड उकलून जवळून काढलेलं, पिवळा मोझॅक पडलेलं सोयाबीनचं पान, ठिबकची नळी, टँकरभोवतीच्या घागरी, मोंढ्यातली तुरीची बोली. पिकाची जात, रोगाची अवस्था, महिना आणि तालुका इंग्रजी कीवर्डमध्ये नीट लिहा. नुसतं 'शेत, हिरवं, भारत' लिहिलेला फोटो कुणाला सापडत नाही. अशा फोटोंना कृषी निविष्ठांच्या कंपन्या, मासिकं आणि संस्था थेट गिऱ्हाईक होऊ शकतात, तेही रुपयांत.

आता ज्याकडे तुमच्या पत्रात अजिबात लक्ष गेलेलं नाही, ते. जुन्या लग्नांचे कॅन्डिड फोटोही गॅलरीत टाकणार असं तुम्ही लिहिलंय. कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतले तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक तो गिऱ्हाईक असतो, फोटोग्राफर नव्हे. म्हणजे ते फोटो तुमचे नाहीत. जुन्यांसाठी त्या कुटुंबाकडून लेखी, सहीचं हस्तांतर घ्यावं लागेल, आणि त्यात मुदत व प्रदेश लिहिला नाही तर कायदा 5 वर्षं आणि फक्त भारत एवढंच धरतो. यापुढे इसार घेताना पावतीवरच लिहा की कॉपीराइट स्टुडिओचा राहील आणि फोटो बाहेर विकण्याआधी कुटुंबाची वेगळी लेखी संमती घेतली जाईल. नवरीच्या घरच्यांना न विचारता तिचा फोटो विकायला ठेवला, तर कोर्टाआधी गावातला धंदा बसेल.

तरीही तो प्लॅन घ्यावा असं मला वाटतं, फक्त पैसे दुसरीकडून काढा. लग्नाच्या पॅकेजमध्ये 'वर्षभराची ऑनलाइन गॅलरी, पासवर्डसह' हा 3 हजारांचा पर्याय ठेवा. पुण्या-मुंबईला कामाला गेलेले नातेवाईक करिझ्मा अल्बम बघायला गावी येऊ शकत नाहीत, म्हणून ही गोष्ट खपते. 22 पैकी 11 घरं हो म्हणाली की 33 हजार जमतात आणि प्लॅन फुकटात पडतो. पहिली पाच घरं ॲडव्हान्स देईपर्यंत वर्षाचा प्लॅन घेऊ नका, महिन्याच्या दराने चालवा. प्रिंटची विक्री मात्र इथल्या लोकांसाठी बंद ठेवा. त्या सेवांच्या लॅब अमेरिका-ब्रिटनमध्ये असल्यामुळे प्रिंटपेक्षा टपालाचा खर्च जास्त होतो. प्रिंट तुमच्या नेहमीच्या लॅबमधून द्या आणि पैसे यूपीआयने घ्या. 1 एप्रिल 2021 पासून पेपाल या परदेशी ऑनलाइन पेमेंट सेवेने भारतातल्या भारतात व्यवहार बंद केलेत, त्यामुळे इथल्या मामाला पेपालवरून तुम्हाला पैसे भरताच येणार नाहीत.

'अमर्याद जागा' या शब्दांवरही विसंबू नका. ती जेपेगसाठी असते, रॉ फाइल्सचे (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) वेगळे पैसे पडतात. हप्ता थकला तर गॅलरी जाते. घरी दोन हार्ड डिस्कवर प्रती हव्यातच. 10 एमबीचे 600 फोटो म्हणजे 6 जीबी. 20 एमबीपीएस अपलोड असेल तर पाऊण तासाच्या आत चढतात, मोबाइलच्या 3 एमबीपीएसवर साडेचार तास लागतात, आणि मधे लाईट गेली की अर्धवट राहतात. फायबर जोडणी आणि छोटा इन्व्हर्टर हा कॅमेऱ्याआधीचा खर्च आहे.

कराचं थोडक्यात. अमेरिकी एजन्सीला डब्ल्यू-8बेन (तुम्ही अमेरिकेबाहेरचे आहात असं सांगणारा कराचा) फॉर्म पॅनसह भरून द्या, नाहीतर अमेरिकेतल्या विक्रीवर 30 टक्के कापले जातात. भरला तर भारत-अमेरिका करकरारामुळे 15. ही कपात इथल्या करातून वळती करता येते, पण 2025-26 पासून नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंत तुमचा करच शून्य होत असेल तर वळती करायला काही उरत नाही, तो पैसा गेलाच. फोटोचा दर ठरवताना हे धरून चाला. जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत लागत नाही, मात्र परदेशी विक्रीही त्या 20 लाखांत मोजतात.

येत्या पावसाळ्यात, ऑर्डर नसताना, दोन स्टॉक एजन्सींवर शेतीचे 300 फोटो चढवा. पुढच्या लग्नसराईअखेर तीन आकडे वहीत लिहा: किती घरांनी गॅलरी घेतली, स्टॉकवर किती डॉलर साठले, थेट किती फोटो विकले गेले. या तिन्हींतून मिळून 60 हजार आले असतील, तर त्यातून जुना फुल-फ्रेम कॅमेरा शटर-काउंट (त्याने आजवर किती फोटो काढलेत तो आकडा) तपासून घ्या. तोवर मोठ्या लग्नाला लागला तर भाड्याने आणा, आणि ते भाडं त्याच लग्नाच्या बिलात लावा.