परसबागेतील मावा आणि दुकानदाराची चिठ्ठी

प्रश्न : मुरबाड तालुक्यातील एका वाडीवरील महिला बचतगटाने कळवले आहे की, भातकापणीनंतर गटातील घरांनी खाचरात वाल आणि घरामागे वांगी, भेंडी व माठ लावला असून वालाच्या शेंड्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) पडला आहे. दुकानदाराने युरियाचा जादा हप्ता, एक टॉनिक आणि दोन कीटकनाशके एकत्र करून दर आठ दिवसांनी फवारण्याची चिठ्ठी दिली आहे. तसे करावे काय? गटाला योजनेतून काय मिळेल?

उत्तर : अजिबात करू नये. वालाच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्वतः मिळवतात. वरून युरिया ओतला की पाला कोवळा व लुसलुशीत होतो, त्यावर मावा आणखी वाढतो आणि मग त्याच दुकानात औषधासाठी जावे लागते. हा प्रकार मी अनेक वाड्यांवर पाहिला आहे. युरिया आजच थांबवावा.

फवारणीबाबत अधिक स्पष्ट सांगतो. प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलवर पिकाचे नाव आणि फवारणी व तोडणी यांत किती दिवसांचे अंतर ठेवायचे ते छापलेले असते. परसबागेतून रोज भाजी तोडली जाते, त्यामुळे हे अंतर कोणत्याही घरात पाळले जात नाही आणि विष थेट मुलांच्या ताटात जाते. त्यात चिठ्ठीवरची मात्रा एकराची, म्हणजे 40 गुंठ्यांची असते, आणि अर्ध्या गुंठ्याच्या बागेसाठी औषध टोपणाने, अंदाजाने ओतले जाते. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस वापरण्यास 2005 पासून बंदी आहे, तरीही कोणी ते सुचवल्यास घेऊ नये. दोन औषधे एकत्र करू नयेत. लेबलवर आपल्या पिकाचे नाव नसेल तर बाटली परत करावी, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरीही.

मावा असलेले शेंडे खुडून मातीत गाडावेत. पाच टक्के निंबोळी अर्कासाठी 500 ग्रॅम निंबोळी पावडर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळावी, पाणी घालून द्रावण 10 लिटर करावे, त्यात 20 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारावे. भर उन्हात फवारू नये. वांग्याचे सुकलेले शेंडे आतील अळीसह काढून नष्ट करावेत, कारण अळी आत शिरल्यावर वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

येथे गटाचे महत्त्व मोठे आहे. एका घराने विष फवारले तर मावा खाणारे ढालकिडे शेजारच्या बागेतूनही नाहीसे होतात. म्हणून फवारणीचा निर्णय घराघराने न घेता गटाच्या बैठकीत घ्यावा आणि अर्क एकाच दिवशी सर्वांनी फवारावा.

माझा आग्रह घरच्या बियाण्यासाठी आहे. प्रत्येक घराने वालाची चार-पाच निरोगी, भरपूर शेंगांची झाडे खूण करून शेवटपर्यंत राखावीत. शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात, दाणे कडक उन्हात वाळवावेत आणि राख मिसळून मडक्यात ठेवावेत. गटाने असे बी एकत्र जमवले तर पुढच्या वर्षी भातकापणीनंतर जमिनीत ओल असतानाच, दुकानाची वाट न पाहता पेरणी होते. पेरताना किलोमागे 25 ग्रॅम रायझोबियम (मुळांवर गाठी तयार करणारे जिवाणू खत) बियाण्यास चोळावे. ओल उडाल्यावर पेरलेला वाल नीट उगवत नाही, मग खताचे कितीही डोस दिले तरी उपयोग नसतो.

योजनेबाबत थोडक्यात : गट उमेद अभियानात (राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान) असल्यास पोषण परसबागेचे मार्गदर्शन कृषी सखीकडून, म्हणजे शेतीचे प्रशिक्षण घेतलेल्या गावातील महिलेकडून घ्यावे आणि प्रशिक्षणासाठी तालुका कृषी कार्यालयात आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) योजनेची चौकशी करावी.

अर्क फवारल्यानंतर पाचव्या दिवशी शेंडे पुन्हा तपासावेत. मावा उरला असेल तर अर्कच पुन्हा फवारावा, चिठ्ठी काढू नये.