डिअर म्हणजे हरीणच का? आणि मग मृग म्हणजे?

एक मैत्रीण सध्या जर्मन शिकतेय, तिने विचारलंय की जर्मनमध्ये टीअर म्हणजे कुठलाही प्राणी, कुत्रा मांजर हत्ती सगळे त्यात आले, तर हा टीअर आणि इंग्लिशमधला डिअर एकच शब्द आहे का, आणि असला तर इंग्रजांनी त्याचं नुसतं हरीण कसं काय करून टाकलं?

हो, एकच शब्द आहे. इंग्लिशमध्ये जिथे सुरुवातीला ड येतो तिथे जर्मनमध्ये बऱ्याचदा ट येतो, डे आणि टाग, ड्रिंक आणि ट्रिंकन, डॉटर आणि टॉख्टर, त्याच ओळीत डिअर आणि टीअर. डच, डॅनिश, स्वीडिश या सख्ख्या चुलत भाषांमध्येही या शब्दाचा अर्थ आजपर्यंत प्राणी असाच आहे, म्हणजे बाकी सगळं घराणं जुन्या अर्थाला धरून राहिलं आणि एकटं इंग्लिश वेगळ्या वाटेने गेलं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्लिशमध्ये देओर म्हणजे जनावर, त्यातही मुख्यतः रानातलं. हरणासाठी तेव्हा वेगळे शब्द होते, त्यातला नर हरणाचा हार्ट आणि छोट्या जातीच्या हरणाचा रो हे अजूनही शिल्लक आहेत.

मग झालं काय, तर शिकार. 1066 मध्ये नॉर्मन विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि मोठमोठी रानं राजाच्या शिकारीसाठी राखून ठेवली. इंग्लंडच्या जुन्या बखरीत, ज्याला अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल म्हणतात, 1087 सालाखाली विल्यम वारल्याची नोंद आहे आणि तिथे त्याच्याबद्दल लिहिलंय की त्याने मोठं देओरफ्रिथ घातलं, म्हणजे देओरांना अभय दिलं, आणि कायदा केला की जो कोणी हरीण किंवा हरिणी मारेल त्याला आंधळं करावं. आता या वाक्यात शब्द प्राण्यांचा आहे पण सगळा जीव हरणात अडकलाय! मला तर अर्थ सरकताना कसा दिसतो याचं याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. रानातलं जनावर म्हणजे शिकारीचं जनावर, आणि शिकारीचं जनावर म्हणजे सगळ्यात मानाचं ते हरीण, असं होत होत पंधराव्या शतकापर्यंत डिअर म्हटलं की हरीणच समोर यायला लागलं. मधल्या काळात फ्रेंचमधून बीस्ट आला आणि पुढे लॅटिनमधला अ‍ॅनिमल रुळला, त्यामुळे प्राणी या अर्थाची रिकामी झालेली जागा भरून निघाली.

जुना अर्थ लगेच मेला नाही मात्र. शेक्सपिअरच्या किंग लिअरमध्ये वेड्याचं सोंग घेतलेला एडगर म्हणतो की उंदीर, घुशी आणि असलेच छोटे डिअर हेच सात वर्षं माझं खाणं. शाळेत हे वाचताना उंदीर आणि हरीण एका पंगतीत कसे हे कोणी सांगितलं नव्हतं, नंतर कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. विल्डरनेस या शब्दातही हाच जुना डिअर लपलाय, वाइल्ड डिअरची म्हणजे रानटी जनावरांची जागा ती विल्डरनेस, मधला ड मागच्या ड मध्ये मिसळून गेला. आणि डिअरचं अनेकवचन डीअर्स का होत नाही असं मुलं नेहमी विचारतात, तर जुन्या इंग्लिशमध्ये या गटातल्या शब्दांना अनेकवचनाचा प्रत्ययच लागत नसे, शीपचं तेच. (प्रिय या अर्थाच्या डिअरचा याच्याशी काही संबंध नाही, तो वेगळ्याच मुळातून आलाय.)

पण खरी गंमत पुढे आहे आणि ती आपल्या घरातली आहे. माझ्या भाच्याने एकदा मृगेंद्रचा अर्थ हरणांचा राजा असा लिहिला आणि मग मलाच विचारायला आला की सिंह हरणांचा राजा कसा, तो तर हरणं खातो. बरोबर शंका आहे! संस्कृतमध्ये मृग म्हणजे आधी कुठलंही रानातलं जनावर. म्हणून मृगेंद्र म्हणजे पशूंचा राजा, शाखामृग म्हणजे फांद्यांवरचं जनावर अर्थात माकड, आणि मृगया म्हणजे कसलीही शिकार. ऋग्वेदात विष्णूला मृगो न भीमः अशी उपमा आहे, डोंगरात फिरणाऱ्या भयंकर मृगासारखा, आता हरणाला भयंकर कोण म्हणेल. तिथेच हत्तीला हात असलेला मृग म्हटलंय. नंतर मृगनयनी, मृगजळ येईपर्यंत मात्र तो हरीण झालेला दिसतो. म्हणजे डिअर आणि मृग, मूळ वेगळं, देश वेगळे, कोणी कोणाचं बघून केलेलं नाही, आणि दोघंही सगळ्या जनावरांवरून निघून हरणापाशी येऊन थांबले.

मृगाचा इराणकडचा भाऊ मात्र भलतीकडेच गेला. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, त्याचा अर्थ पक्षी, फारसीत तो मुर्ग झाला आणि पुढे रोजच्या बोलण्यात कोंबडी, हॉटेलच्या मेन्यूवरचा मुर्ग तो हाच. आपल्या शहामृगातला मृगसुद्धा हरणाचा नाही, तो हाच पक्षीवाला मुर्ग, मराठी कानाला ओळखीचा मृग ऐकू आला आणि तो तसाच चिकटला. दोन चुलत भाऊ इतक्या शतकांनी एका शब्दात भेटले असं मला वाटतं ते बघून.

अजून एक. डिअरच्या मुळाशी श्वास घेणारा अशी कल्पना असावी असं मानतात. लॅटिन अ‍ॅनिमल हा अ‍ॅनिमा म्हणजे श्वास यावरून, आपला प्राणी प्राणावरून, आणि जनावर हा फारसी जानवर, ज्याच्यात जान आहे तो. सगळीकडे तीच कल्पना, आणि तसाच व्यापक असलेला जनावर आपल्याकडेही आकसतोच आहे की. देशावर शेतकरी जनावरं म्हणतो तेव्हा त्याला बैल, गाई, म्हशी एवढंच म्हणायचं असतं, पशुवैद्य येतो तो त्यांच्यासाठी. आणि कोकणात आमच्या आजोळी जनावर म्हणजे साप. रात्री त्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून सगळ्यात मोघम शब्द वापरायचा, आणि तो वापरून वापरून इतका पक्का झालेला की आजीने नुसतं "परसात जनावर आहे" म्हटलं की कुठलं जनावर असं कोणी विचारत नसे, मामा सरळ काठी आणि बॅटरी घेऊन मागच्या दाराने बाहेर.